पेबल बीचची रूपपरीक्षा

सॅन फ्रान्सिस्को शहरापासून दक्षिणेकडे सुमारे १९० किलोमीटर गेले म्हणजे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यास माँटरे नावाचे एक लहानसे द्वीपकल्प लागते. स्पॅनिश अमदानीत या प्रांताची राजधानी येथे होती. पुढे सार्डिन मासळी डब्यांत भरण्याचे कारखाने येथे भरभराटीस आले आणि समुद्रातील मासळी आटल्यावर ते ओसाड पडले. हल्ली प्रवासी मनुष्य हेच येथील मुख्य पीक होय. द्वीपकल्पाच्या एका अंगास सायप्रस आणि पाइन वृक्षांचे दाट बन आहे. यांपैकी माँटरे सायप्रस ही जात निसर्गतः अखिल पृथ्वीवर केवळ याच टापूतील दोन लहान बनांत उगवते. पॅसिफिक महासागराच्या वाऱ्याने ही झाडे अशी काही वाकली व पिळवटली आहेत की, एका पायावर उभ्या राहिलेल्या जटाधारी तपस्व्यांची आठवण व्हावी. बनातून 'सतरा मैलांचा रस्ता' जातो. तो खाजगी असून नाक्यावर पैसे मोजल्याखेरीज मोटारीस आत प्रवेश नाही. याच रस्त्यावर १९१९ साली उघडलेले पेबल बीचचे गोल्फचे मैदान आहे. त्याची अठरावी, म्हणजे शेवटची, पट्टी थेट समुद्राच्या काठाने वळत जाते. वर्षातून एका रविवारी या पट्टीवर चेंडू पडत नाही. त्या दिवशी तेथे जुन्या मोटारींची रूपपरीक्षा भरते.

'रूपपरीक्षा' हा शब्द आम्ही योजला आहे. फ्रेंच भाषेत या प्रकारास 'कोंकूर देलेगाँस' म्हणतात व इंग्रजांनी आणि अमेरिकनांनी तो शब्द तसाच उचलला. 'सौंदर्यस्पर्धा' म्हटले असते, पण त्या शब्दाला आपल्याकडे जो वास चिकटला आहे तो येथे नको. या परीक्षेत मोटार किती वेगाने धावते हे पाहत नाहीत. ती कशी घडविली आहे, कशी राखली आहे आणि मूळच्या स्वरूपाशी किती प्रामाणिक आहे हे पाहतात.

२०२४ सालच्या उन्हाळ्यात आम्ही उभयता सॅन होजे येथे चिरंजीवांकडे होतो. मोटार आणि आम्ही यांचा संबंध जन्मभर एस. टी.च्या लाल गाडीपलीकडे फारसा गेलेला नाही, हे चिरंजीवांस ठाऊक असूनही त्यांनी तीन तिकिटे आधीच काढून ठेविली होती. किंमत सांगण्याचे त्यांनी शिताफीने टाळले. पुढे ती कळली तेव्हा शाळेतील नोकरीच्या पहिल्या सालचे आमचे सबंध वेतन एका तिकिटास पुरले नसते असा हिशेब निघाला. असो. १८ ऑगस्टचा रविवार होता. दुसरे दिवशी नारळी पौर्णिमा. आपल्याकडे श्रावणसरी कोसळत असतील अशा त्या महिन्यात येथे थंड धुके समुद्रावरून आत सरकत येते आणि अंगावर शाल घ्यावी लागते.

आम्ही पोचलो तेव्हा पुरते उजाडलेले नव्हते. पण तशा अंधारातही माणसांची ही गर्दी! पहाटे मोटारी एकामागून एक आपल्या यंत्राच्या बळावर हिरवळीवर येतात. तो देखावा पाहण्यासाठी शौकीन लोक काकडआरतीस जावे तसे जमतात. प्रथम धुक्यातून दोन पिवळसर दिवे दिसतात, मग एक खर्जातला संथ आवाज, आणि मग एखादे लांबच लांब बॉनेट पुढे सरकते. त्याच्या मागे मनुष्य बसलेला आहे हे बऱ्याच वेळाने ध्यानात येते. दोनशेहून अधिक मोटारी अशा रीतीने आल्या आणि आपापल्या वर्गाच्या ओळीत समुद्राकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

हा प्रघात मूळचा येथला नव्हे. मोटारीचा जन्म होण्यापूर्वीही पॅरिस येथील उपवनांत सरदार लोक आपापल्या घोड्यांच्या बग्ग्या मिरवीत असत. पहिले महायुद्ध संपल्यावर बग्गीची जागा मोटारीने घेतली आणि फ्रान्सच्या किनाऱ्यावरील हवा खाण्याच्या गावांत परीक्षक नेमून बक्षिसे वाटण्याची चाल पडली. त्या काळी मोटारीशेजारी नव्या पद्धतीचा पोषाख केलेली स्त्री उभी राही आणि तिची वस्त्रे गाडीच्या रंगाशी जुळती असत. शिंपी आणि गाडी बांधणारा या दोघांचीही जाहिरात एकाच वेळी होत असे. इटलीत कोमो सरोवराच्या काठी व्हिला देस्ते येथे १९२९ साली अशीच परीक्षा सुरू झाली.

'गाडी बांधणारा' या शब्दांनी वाचकांस नवल वाटेल. आज मोटार एकाच कारखान्यातून सबंध बाहेर पडते, तसे त्या वेळी उंची मोटारींचे नव्हते. रोल्स-रॉइस, ड्यूसेनबर्ग, हिस्पानो-सुइझा यांसारख्या कंपन्या केवळ यंत्र, चाके आणि सांगाडा, म्हणजे जिला चॅसी म्हणतात ती, करून देत. गिऱ्हाईक ती घेऊन दुसऱ्या कारागिराकडे जाई आणि तेथे आपल्या पसंतीची बॉडी बांधून घेई. आपल्याकडील मालट्रकांची बॉडी अजूनही पुष्कळदा अशीच स्वतंत्र बांधतात, हे रस्त्याने जाता-येता कोणीही पाहिलेले असेल. ॲश नावाच्या चिवट लाकडाचा पिंजरा करावयाचा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा हाताने ठोकून वळण देऊन बसवावयाचा, मग रंग, मग आतील कातड्याचे गादीकाम, असा तो क्रम असे. लंडनचा गर्नी नटिंग, पॅरिसचे फिगोनी आणि फालास्की हे असे नामांकित बांधणारे. त्यामुळे एकाच कंपनीच्या एकाच सालच्या दोन मोटारी सख्ख्या बहिणींइतक्याही सारख्या नसत. आपल्या पेशवाईतील वाड्यांचे तसेच नव्हते काय? चौसोपी सारे, पण महिरप प्रत्येकाची निराळी.

पेबल बीच येथे पहिली परीक्षा भरली ती १९५० च्या नोव्हेंबरात, आणि तीही एका शर्यतीची शोभा म्हणून. बनातल्या रस्त्यांवर मोटारींची शर्यत होती आणि तिच्या जोडीला हे प्रदर्शन. पहिल्याच वर्षी मुख्य शर्यत फिल हिल नावाच्या एका तरुणाने जिंकली. प्रदर्शनात त्या काळी नव्या कोऱ्या गाड्याच पहिल्या येत. १९५५ साली याच फिल हिलने १९३१ ची एक पिअर्स-ॲरो मोटार हिरवळीवर आणली. ती त्याच्या मावशीने नवी असताना विकत घेतली होती आणि त्याने ती स्वतः झटून पुन्हा उभी केली होती. सर्वश्रेष्ठ म्हणून तिची निवड झाली. महायुद्धापूर्वीच्या मोटारीस हा मान मिळण्याचा तो पहिला प्रसंग. हाच मनुष्य १९६१ साली मोटारशर्यतींचा जगज्जेता झाला. वेग आणि जुन्याचा जिव्हाळा एकाच पुरुषाच्या ठायी नांदू शकतो, हे आमच्या चिरंजीवांनी आम्हांस मुद्दाम दोनदा सांगितले. शर्यतीचे पुढे असे झाले की, १९५६ च्या एप्रिलात अर्नी मॅकाफी या खेळाडूची फेरारी एका झाडावर आदळली व त्यात त्याचा अंत झाला. तेव्हापासून बनातली शर्यत बंद पडली व १९५७ साली ती जवळच्या लागुना सेका येथे बांधलेल्या मार्गावर गेली. शोभेसाठी आलेले प्रदर्शन मात्र टिकून राहिले.

आता परीक्षेची रीत. गाड्यांचे वर्ग पाडलेले असतात आणि प्रत्येक वर्गास परीक्षकांची एक तुकडी असते. प्रत्येक गाडीस आरंभी शंभर गुण धरून जेथे उणे आढळेल तेथे गुण कापीत जावयाचे. परीक्षक यंत्र सुरू करावयास सांगतात, दिवे लावून पाहतात, भोंगा वाजवावयास लावतात. बॉनेट उचलून आतील तारा, नळ्या, स्क्रूंची डोकी निरखतात. सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक, यंत्राचा क्रमांक आणि कागदपत्रांतील क्रमांक यांचा मेळ घेतात. केवळ रूपाचा विचार करणारे मानद परीक्षक निराळे असतात. वर्गावर्गांत पहिल्या आलेल्या गाड्यांतून शेवटी गुप्त मतदानाने एक सर्वश्रेष्ठ ठरते. नियमांतील एक गोष्ट आम्हांस फार आवडली. परीक्षेच्या आधी गुरुवारी या मोटारी आसपासच्या रस्त्यांवरून लांबची फेरी करून येतात. ती फेरी ऐच्छिक आहे, परंतु एका वर्गात दोन गाड्यांचे गुण समसमान झाले तर जिने फेरी पुरी केली तिला वरचा नंबर मिळतो. मखरात बसून राहणाऱ्या देवतेपेक्षा पालखीतून गावात फिरणारी देवता श्रेष्ठ, असाच याचा अर्थ!

एका करड्या केसांच्या परीक्षकाने १९२४ च्या सुमाराच्या एका गाडीच्या दिव्यांच्या कडांपाशी डोळे नेऊन बराच वेळ घालविला. तो काय पाहतो आहे हे आम्हांस उमगेना. चिरंजीवांनी उलगडा केला तो असा. मोटारीच्या चकचकीत भागांस क्रोमचा मुलामा देण्याची पद्धत १९२५ नंतरच्या वर्षांत रूढ झाली. त्यापूर्वी निकलचा मुलामा असे. निकलची चकाकी किंचित पिवळसर व उबदार, क्रोमची निळसर आणि थंड. तेव्हा १९२४ च्या गाडीवर क्रोम दिसला की समजावे, येथे मागाहून कोणाचा तरी हात फिरला आहे. रंगाचेही तसेच. लवकर वाळणारे सेल्युलोजचे रंग आले तेही त्याच सुमारास. त्याआधी बग्गीच्या पद्धतीने वार्निशाचे थरावर थर देत व एकेक गाडी आठवडेच्या आठवडे वाळत ठेवीत.

हे ऐकताच आम्हांस त्या हिरवळीवर एकदम घरच्यासारखे वाटू लागले. हे तर पाठचिकित्साशास्त्र! पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ साली ते पुरे केले. डॉ. विष्णु सीताराम सुखठणकरांसारख्या पंडिताने त्यात आपले आयुष्य वेचले. शेकडो हस्तलिखिते समोर ठेवावयाची, एकेका श्लोकाचे पाठभेद मांडावयाचे, आणि मागाहून घुसलेला श्लोक कितीही गोड असला तरी तो प्रक्षिप्त म्हणून तळटीपेत बसवावयाचा, ही त्या कामाची शिस्त. लोकांस प्रिय असलेला, महाभारत सांगतो आणि गणपती लिहून घेतो हा प्रसंगदेखील त्या शिस्तीपुढे मूळ संहितेत टिकला नाही. दिव्याच्या कडेवरील क्रोम हा तसाच एक गोड प्रक्षेप. मूळ कारागिराच्या हाती तो पदार्थच नव्हता, तर त्याच्या नावावर तो कसा खपवावा? पूर्वी येथेही असा गोडवा पुष्कळ चाले. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा होती त्याहूनही अधिक झगझगीत करून आणीत आणि बक्षिसे घेऊन जात. हल्ली परीक्षक याबाबतीत कडक झाले आहेत असे जाणते लोक म्हणतात.

हिंदुस्थानचे नाव या मैदानास अपरिचित नाही. २०१२ साली महाराजांच्या मोटारींचा व २०१८ साली ब्रिटिश अमदानीतील हिंदुस्थानच्या मोटारींचा खास वर्ग येथे मांडला होता. आपल्या संस्थानिकांनी एके काळी युरोप-अमेरिकेतील या धंद्यास किती पोसले, हे आपण विसरलो आहोत. इंदूरचे यशवंतराव होळकर यांचेच उदाहरण घ्या. जर्मन वास्तुशिल्पी मुथेसियस याच्याकडून माणिकबाग राजवाडा बांधवून घेणारा हा तरुण राजा. त्यांनी अमेरिकेत इंडियानापोलिस येथे झालेली ड्यूसेनबर्गची लांब चॅसी घेतली, १९३५ च्या सुमारास लंडनच्या गर्नी नटिंगकडून तिच्यावर केवळ दोन माणसांपुरती बॉडी बांधविली आणि इंदूर संस्थानचे केशरी व काळे रंग तिला दिले. इतकी प्रचंड गाडी आणि बसावयास दोघे! ज्या संस्थानात अहिल्याबाईंनी सोमनाथापासून काशीपर्यंत देवळे उभी करून आपल्यासाठी महेश्वरचा साधा वाडा ठेविला, त्या गादीवरील पुरुषाची ही हौस पाहून आमच्यासारख्याच्या मनात दोन विचार आल्यावाचून राहत नाहीत. रयतेच्या पैशाचा हिशेब इतिहासाने मागावा हे योग्यच. परंतु ती वस्तू सुंदर आहे हेही तितकेच खरे, आणि आज ती परदेशी संग्रहात आहे. १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले. त्याच्या आगेमागे अशा कित्येक मोटारी देशाबाहेर गेल्या व ज्या राहिल्या त्यांपैकी पुष्कळ तबेल्यांत गंजल्या. १९६४ पासून दिल्लीत स्टेट्समन वृत्तपत्राने जुन्या मोटारींची फेरी भरविण्यास आरंभ केला, हे त्या दृष्टीने मोठेच काम म्हटले पाहिजे. २०२३ च्या जानेवारीत बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातही अशी रूपपरीक्षा भरली होती.

दुपारी चढण चढून आम्ही एका ओळीपाशी आलो आणि सौ. एकदम थबकून म्हणाल्या, "अहो, ही इथं कशी आली? हिला कोणी पुसलं पण नाही!"

समोर काळ्या रंगाची, बुटकी, उघडी अशी एक शर्यतीची मोटार होती. मधोमध पिवळा पट्टा. रंग जागोजागी उडालेला, कडांशी पत्रा उघडा पडलेला, बसण्याचे कातडे झिजून भेगाळलेले. दोन्ही बाजूंस आरशासारख्या गाड्या, आणि मध्ये ही जणू लग्नाच्या पंगतीत बाराबंदी घालून बसलेली आजोबांची मूर्ती. फलक वाचला. १९३४ ची बुगाटी, नमुना ५९. आल्सास प्रांतातील मोल्सहाइम गावी एतोरे बुगाटी याने अशा मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच केल्या. एका ओळीत आठ सिलिंडरांचे यंत्र, आणि चाकांचे आरे सतारीच्या तारांसारखे बारीक. हीच गाडी १९३४ साली बेल्जियमची मोठी शर्यत जिंकून आली. पुढे तिचे शर्यतीचे रूप थोडे बदलून ती बेल्जियमचा राजा तिसरा लिओपोल्ड याने घेतली. पिवळा हा त्या देशाचा शर्यतीतील रंग, म्हणून तो पट्टा. तेव्हापासून तिच्यावर नवा रंग चढलेला नाही.

अशा जीर्ण पण अव्यंग गाड्यांसाठी येथे स्वतंत्र वर्ग आहे. त्यात गाडी नवी दिसणे हा गुण नाही. तिच्या अंगावर मूळचे किती शिल्लक आहे ते पाहतात. त्यावरून आमच्या त्रिवर्गात वाद जुंपला तो शेवटपर्यंत मिटला नाही.

आम्ही म्हणालो, ही खरी पोथी. कसर लागलेली, कडा झिजलेली, पण लेखकाच्या हातची. बाकीच्या साऱ्या म्हणजे छापखान्यात नव्याने जुळविलेल्या आवृत्त्या. आमचा जीव याबाबतीत पोळलेला आहे हेही सांगून टाकतो. आमच्याकडे देवळांचा जो जीर्णोद्धार चालतो, त्यात शेकडो वर्षांच्या काळ्या पाषाणावर तैलरंगाचे पट्टे ओढतात आणि गाभाऱ्यास न्हाणीघराच्या फरश्या चिकटवितात. देणगीदारांची नावे संगमरवरावर येतात. पाथरवटाच्या टाकीची खूण मात्र रंगाखाली जन्माची जाते.

चिरंजीव म्हणाले, "अण्णा, पण सगळ्यांनीच गाड्या अशा ठेवायच्या ठरवल्या, तर पत्रा ठोकणारे हात कुठून राहणार? तुम्हीच तर सांगायचात, वेद पोथीत नव्हते, तोंडात होते."

या उत्तराने आम्ही चाट पडलो, आणि मनातून संतोषही वाटला. खरेच, ऋग्वेदाचे रक्षण भूर्जपत्राने केले नाही. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा रीतींनी पिढ्यान्‌पिढ्या तो नव्याने म्हटला गेला, आणि नवा असूनही एक स्वर हलला नाही. जपानातील इसे येथील मंदिर दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्या लाकडाने बांधून काढतात. २०१३ साली ते अलीकडचे बांधले. तेथे जुने लाकूड राहत नाही, पण बांधण्याची विद्या राहते. नव्याने उभी केलेली मोटार ही या न्यायाने घनपाठी म्हणावी लागेल. अट एकच, स्वर चुकता कामा नये.

सौ.ना हे दोन्ही पटले नाही. त्या म्हणाल्या, "देवघरातली पळी-पंचपात्री आणि रोजचं पातेलं यांना एकच नियम कसा लागेल? पातेल्याला कल्हई नाही लावली तर आमटी कळकेल. आणि सासूबाईंची पैठणी मी काही पुन्हा रंगवून घेतली नाही. विरायला लागली तेव्हा आतून मलमलीचं अस्तर लावलं, इतकंच. वस्तू बघावी आणि मग ठरवावं."

शेजारच्या ओळीत, एका नव्याने उभ्या केलेल्या फ्रेंच गाडीजवळ एक वृद्ध गृहस्थ घडीच्या खुर्चीवर बसले होते. पांढरी विजार, पण नखांच्या कडा काळ्या. ते मालक नव्हेत हे त्यावरूनच उघड होते. चिरंजीवांनी विचारपूस केली तेव्हा कळले की, पुढचे दोन्ही मडगार्ड त्यांनी हाताने वळविले आहेत. फलकावर कंपनीचे, बॉडी बांधणाऱ्याचे आणि मालकाचे नाव होते. यांचे नव्हते. आम्ही त्यास हरकत घेतली, तर ते हसले. म्हणाले, मूळ पत्रा ठोकणाऱ्याचे तरी नाव कोठे आहे? मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. मागील बैठक काढली तेव्हा आतील लाकडावर जुन्या कारागिराने शिसपेनने केलेले आकडे सापडले, मापे असावीत. सारे लाकूड साफ करताना तेवढी वीतभर जागा यांनी तशीच राखली. वरून बैठक बसल्यावर ती कोणासही दिसत नाही. परीक्षकांस दाखविली काय, असे विचारता ते म्हणाले, कोणी विचारले नाही.

जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखक आपले नाव, शक, गाव लिहून पाठ मोडल्याची, मान आखडल्याची तक्रार करतो आणि ग्रंथ जपून ठेवा म्हणून विनवतो. त्यास पुष्पिका म्हणतात. त्या शिसपेनच्या आकड्यांत नाव नव्हते, पण आमच्या मते पुष्पिकाच होती ती. आणि ती राखणारा मनुष्य नवे करणाऱ्यांच्या पंथातला होता, हे येथे नमूद केले पाहिजे.

दुपार कलल्यावर निकाल सुरू झाले. वर्गावर्गाच्या विजेत्या गाड्या एका उतरत्या फळीवरून मंचावर चढू लागल्या. चढताना एखादीचे यंत्र खोकले की हजारो माणसे श्वास रोखून धरीत. या मैदानाचा इतिहास पाहता कोणत्या प्रकारची गाडी सर्वश्रेष्ठ ठरेल याचे अंदाज बांधता येतात. महायुद्धापूर्वीच्या, उंची बॉडीच्या आणि निर्दोष नव्या केलेल्या गाड्यांचेच येथे राज्य आहे. २०२३ साली अफगाणिस्तानचे राजे झहीर शहा यांच्यासाठी बांधलेली १९३७ ची मर्सिडीज पहिली आली होती. युद्धानंतरच्या गाडीस १९६८ नंतर हा मान मिळाला तो एकदम २०१४ साली, एका फेरारीस. आणि आपल्या मूळ जीर्ण कातडीनिशी उभ्या असलेल्या गाडीस तर तो कधीच मिळाला नव्हता.

त्या दिवशी तो त्या काळ्या बुगाटीस मिळाला. नाव पुकारले तेव्हा आधी क्षणभर शांतता पसरली आणि मग जो गजर झाला त्यात सौ.ही टाळ्या वाजवीत होत्या. "हिला कोणी पुसलं पण नाही" हे आपले शब्द त्या सोयिस्करपणे विसरल्या होत्या. वरून रंगीत कागदांच्या चिरफळ्या उडविण्यात आल्या. त्यांतील काही गाडीच्या फाटक्या कातड्यावर पडल्या. आता त्या उचलताना कातडे दुखावू नये म्हणून कोणीतरी मऊ कुंचला घेऊन बसेल असे आमच्या मनात आले. नव्वद वर्षे जे कोणी केले नाही त्याला, म्हणजे हात न लावण्याला, त्या दिवशी बक्षीस होते. पण हात न लावता गाडी मंचावर चढली नसती. तिचे यंत्र कोणीतरी वेळोवेळी खोलले, तेल घातले, झिजलेले बदलले, आणि ते सारे असे केले की पाहणाऱ्यास कळू नये. सौ.चे मलमलीचे अस्तर ते हेच.

आम्ही मागे वळून त्या वृद्ध कारागिरांस शोधले. त्यांची गाडी वर्गात दुसरी आली होती. ते मालकिणीच्या पायांस लागलेली ओली माती मडगार्डावर उडू नये म्हणून पायदानावर एक पंचासारखे फडके अंथरीत होते.

सॅन होजेस परत येईतो रात्र झाली. चिरंजीवांचे व आमचे वादाचे पुरते समाधान अद्यापि झालेले नाही. त्यात पुढील वर्षीच्या निकालाने भरच पडली. २०२५ साली सर्वश्रेष्ठ ठरली ती १९२४ ची हिस्पानो-सुइझा. आंद्रे दुबोने या फ्रेंच धनिकाने विमाने बांधणाऱ्या न्यूपोर कारखान्याकडून तिची बॉडी लाकडाच्या पातळ पट्ट्या हजारो रिव्हेटांनी जोडून होडीसारखी करविली होती; वजन अवघे ७३ किलोच्या आसपास. तीत बसून तो सिसिलीतील तार्गा फ्लोरिओच्या शर्यतीत धावला आणि सहावा आला. ही गाडी मात्र जीर्ण अवस्थेतील नव्हे. कसबी हातांनी ती पुन्हा १९२४ च्या रूपात आणली होती. चिरंजीवांनी त्याच रात्री दूरध्वनी करून "घनपाठी जिंकले" एवढेच सांगितले. जगभर ती 'ट्यूलिपवुड' या लाकडाच्या नावाने ओळखली जाते, आणि लाकूड तपासले तेव्हा ते महोगनी निघाले.